अंगठा पिवळा

तिसरा अर्ज दिल्लीला टाकला तेव्हा
पोस्टातल्या खंदारे बाई म्हणाल्या,
बोखारे, तिकीट विकत मिळतं हो.
मागून मिळत नसतं.

मी वसमतच्या मोंढ्यात दिवाणजी. हळदीच्या आडतीवर.
दिवसभर कट्ट्यांची वजनं लिहितो
आणि संध्याकाळी त्याच बोटांनी
ज्यांना जन्मात बघणार नाही त्यांना कार्डं.
एक पाठवायचं, एक यायचं,
नियम एवढाच. ओळख लागत नाही.
तैवानचा एक दातांचा डॉक्टर
मला गल्लीतल्या मांजरांची नावं कळवतो.
मी त्याला भाव कळवतो,
कांडीचा वेगळा, गट्टूचा वेगळा.

एस्टोनियाच्या मारेतनं एकदा विचारलं,
तुझ्या प्रत्येक कार्डाच्या कडेला
हे पिवळं काय असतं?
लिहिलं, आमच्याकडं शुभ बातमीला लावतात.
खरं म्हणजे मी हात धुतले नव्हते.

पुढं तिचं एक कार्ड आलं
कोपरा फाटून.
बायकोनं उंबऱ्यावरच अडवलं.
आधी आंघोळ, मग आत.
केली. गार पाण्यानं.
कार्ड बाहेर मीटरच्या पेटीवर, वर दगड.
तसंच मारेतला लिहून टाकलं, आणि
चव्वेचाळीस दिवस
नेमकं कुणाचं सुतक धरलंय
ते आडतीवर कुणाला सांगता येईना.

मग तिचं आलं. मी बरी आहे,
यंत्रात अडकलं असेल.
आणि खाली, बारीक अक्षरात,
जागा उरली नव्हती तिथं:
तू आंघोळ केलीस? माझ्यासाठी?

ह्याचं तिकीट निघालं पाहिजे, मी म्हणालो.
धरणांचं निघतं, बँकेच्या पंचाहत्तरीचं निघतं,
फुलपाखरांची तर अख्खी पानंच्या पानं.

एका कार्डावर एक सही, असं ठरलं.
पहिली मुजीब घड्याळवाल्याची, उर्दूत.
त्याच्याकडं अठ्ठावीस देशांचे शिक्के आहेत
आणि पासपोर्ट नाही.
कॉलेजच्या चार पोरी आल्या,
पोस्टकार्ड अजून मिळतं का, म्हणाल्या,
आणि मिळतं म्हटल्यावर सही केली.
तिकिटावर चित्र कशाचं ह्यावरून भांडण झालं.
मुजीबला पृथ्वीचा गोळा हवा होता,
पोरींना पाखरू.
नमुन्याचा चौकोन शेवटी कोराच गेला.

मग हमाल.
लिंबाजी, उत्रेश्वर, रशीदचाचा, गोदावरी चाळणीवाली.
सही न येणाऱ्यांसाठी
मी शाईचा पॅड नेला होता.
तो उघडावाच लागला नाही.

तीनशे बारा कार्डं.

उत्तर दिवाळीनंतर आलं.
लिफाफ्यावर तिकीट नव्हतं,
यंत्राचा लाल ठसा तेवढा.
"आपले अर्ज डागाळलेल्या स्थितीत प्राप्त झाले.
स्वच्छ प्रतीत पुन्हा सादर करावेत."

मोंढ्यात वाचून दाखवलं.
आधी हसले सगळे.
मग उत्रेश्वर पाठीवरचं पोतं न उतरवताच म्हणाला,
स्वच्छ म्हंजी कसं? आमच्याबिगर?

त्यानं पोतं थप्पीला लावलं
आणि दुसरं आणायला गेला.

परवा पुन्हा टाकली. तशीच.
खंदारे बाईंनी एकेकावर शिक्का मारला,
शंभराव्याला चहा मागवला,
दोनशेच्या पुढं हात बदलला.
शेवटी गल्ल्यातून स्वतः एक कोरं कार्ड काढलं,
पैसे स्वतःच्या पर्समधून भरले,
अंगठा कशावर टेकवायचा म्हणून
इकडंतिकडं बघितलं
आणि माझ्या शर्टाची बाही धरली.

तीनशे तेरा.

मारेतला सगळं कळवलंय.
भाव पडलाय, तेही.
बायको ताट वाढून विचारते, हात धुतले का?
धुतले.
दाखवा.